वाटणीत उरलेली गावं

कर्ज काढायची वेळ पोपवरही येते. १४४० साली चौथा युजीन हा पोप चांगलाच कात्रीत सापडला होता. बाझेलच्या धर्मपरिषदेने त्याला पदावरून दूर केल्याचं जाहीर केलं होतं. तिच्याशी झुंजायचं तर पैसा हवा, आणि तिजोरीत खडखडाट. त्याने फ्लॉरेन्सचा बडा पेढीवाला कोझिमो दे मेदिची याच्याकडून सोन्याचे २५,००० फ्लॉरिन उचलले आणि आपल्या राज्याच्या कडेचं बोर्गो सान्सेपोल्क्रो हे गाव तारण म्हणून लिहून दिलं. कर्ज काही फिटलं नाही. पुढच्याच वर्षी, १४४१ मध्ये, ते गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं.

गाव दिलं म्हणजे हद्द ठरवणं ओघाने आलंच. करारात हद्द म्हणून एक ओढा धरला गेला आणि कागदावर त्याचं नाव पडलं 'रिओ'. घोटाळा असा, की त्या शिवारात रिओ म्हणवले जाणारे ओढे दोन होते, एकमेकांपासून जेमतेम अर्धा किलोमीटर अंतरावर. पोपच्या माणसांनी आपल्याकडचा ओढा हद्द मानला, फ्लॉरेन्सच्या माणसांनी आपल्याकडचा. शेजाऱ्याचा बांध कोरण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा दोन सत्तांनी, चुकून का होईना, मधली सुमारे ३३० हेक्टर जमीन तशीच सोडून दिली. त्या पट्ट्यात एक लहानसं गाव होतं, कोस्पाया. वाटणी झाली आणि ते कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

कोस्पायाच्या लोकांनी वेळ दवडला नाही. आपण कुणाचेच नाही, तर आपण आपलेच, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. चूक लक्षात आल्यावर दोन्ही बाजूंनी हिशेब केला असणार, की एवढ्याशा तुकड्यासाठी करार पुन्हा उकरून काढण्यापेक्षा तो आहे तसा राहू देणं स्वस्त. १४८४ साली गावाच्या स्वातंत्र्याला रीतसर मान्यता मिळाली. पुढे जवळजवळ चार शतकं हे चिमुकलं प्रजासत्ताक टिकलं. त्याला सैन्य नव्हतं, तुरुंग नव्हता, करवसुली नव्हती. गावातली जाणती मंडळी आणि घरोघरचे कर्ते एकत्र बसून काय ते ठरवत. सुरुवातीला ही बैठक एका घरात भरे, पुढे गावच्या चर्चमध्ये. त्या चर्चच्या दारावरच्या दगडी पट्टीवर लॅटिनमध्ये 'शाश्वत आणि अढळ स्वातंत्र्य' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत.

नुसत्या स्वातंत्र्यावर मात्र पोट भरत नाही. कोस्पायाचं नशीब फळफळलं ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोर्नाबुओनी घराण्यातला एक जण फ्लॉरेन्सचा वकील म्हणून पॅरिसच्या दरबारी होता. त्याने तिथून सान्सेपोल्क्रोच्या बिशपला, म्हणजे आपल्याच नातलगाला, एका नव्या वनस्पतीचं बी पाठवलं. ती होती तंबाखू. टस्कनीत तर ती बरीच वर्षं त्या घराण्याच्याच नावाने ओळखली जायची. सान्सेपोल्क्रोहून हे बी शेजारच्या कोस्पायाच्या शेतांत पोचायला कितीसा वेळ लागणार? इकडे राज्यकर्त्यांना तंबाखूवर कर हवा होता आणि धर्मगुरूंना तिचा राग होता. आठव्या अर्बन पोपने १६४२ साली सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याची तंबी दिली. कोस्पायात ना कर, ना बंदी. जिकडे तिकडे तंबाखूची शेतं उभी राहिली, आणि करमुक्त मालाच्या ओढीने व्यापारीही आले आणि तस्करही.

हेच अखेर गावाच्या मुळावर आलं. एकोणिसाव्या शतकापर्यंत कोस्पाया हे चोरट्या व्यापाराचं ठाणं झालं होतं आणि दोन्ही शेजाऱ्यांचा महसूल त्या पट्ट्यातून गळत होता. २६ जून १८२६ रोजी गावाच्या १४ प्रतिनिधींनी विलीनीकरणाच्या कागदावर सह्या केल्या. मोबदला म्हणून रहिवाशांना चांदीचं एकेक नाणं मिळालं, आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत तंबाखूची रोपं लावायची मुभा. या दोहोंपैकी खरी किंमत कशाला होती हे वेगळं सांगायला नको. ३८५ वर्षं कुणाला न खुपलेली चूक, खिशाला चाट बसायला लागल्यावर सुधारली गेली.

युरोपच्या नकाशावर अशी गावं एकदोन नाहीत. शाळेतल्या इतिहासात तह येतात, सनावळी येते आणि नकाशावर ठसठशीत रेषा येतात. त्या रेषा ओढताना दमलेल्या वकिलांनी कुठे काय सोडून दिलं, ते येत नाही. ही शिल्लक मोठी रंजक आहे. ती कधी टिकते आणि कधी पुसली जाते, हे पाहिलं तर मोठ्या सत्तांचा व्यवहारही समजतो.

१८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला आणि व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपची फेरवाटणी सुरू झाली. प्रशिया आणि नेदरलँड्स यांच्यामधली हद्द आखता आखता काम एका खाणीपाशी अडलं. आखेन शहराजवळ केल्मिस नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीत जस्ताचं खनिज निघे. पितळ करायला ते शतकानुशतकं वापरात होतं. पण त्यातून शुद्ध जस्त काढण्याची नवी रीत झां-जाक दॉनी याने नुकतीच बसवली होती आणि आपल्या मालाचा नमुना म्हणून नेपोलियनला जस्ताचं न्हाणीपात्रही भेट दिलं होतं. एवढी मोलाची खाण सोडायला दोघेही तयार होईनात. शेवटी १८१६ साली तोड निघाली. खाणीसकट सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचा एक त्रिकोणी तुकडा बाजूला काढायचा, त्यात कुणीच सैन्य ठेवायचं नाही आणि कारभार दोघांनी मिळून पाहायचा. हे 'तटस्थ मोरेस्ने'. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय शंभर वर्षांहून जास्त चालली. मधल्या काळात, १८३० मध्ये, बेल्जियम नेदरलँड्सपासून फुटून निघालं आणि भागीदारीतली नेदरलँड्सची जागा त्याने घेतली.

या तुकड्यात कायदा चालायचा तो नेपोलियनचा. बाकीचं जग पुढे गेलं, कायदे बदलले, तरी इथे जुनाच चालू राहिला. कारण बदल करायचा तर दोन्ही मालकांचं एकमत हवं आणि ते होणं कठीण. तुकड्याचं स्वतःचं न्यायालय नव्हतं. खटला शेजारच्या देशाच्या न्यायाधीशापुढे जाई आणि तो नेपोलियनच्या संहितेवर बोट ठेवून निवाडा देई. कर नाममात्र होते, जकात जवळपास नव्हतीच, आणि मूळच्या 'तटस्थ' रहिवाशांना सक्तीची सैन्यभरती नव्हती. मग काय, माणसं येत गेली. १८१६ मध्ये २५६ डोकी होती, ती १९१४ पर्यंत साडेचार हजारांवर गेली. स्वस्त दारूच्या भट्ट्या आणि गुत्ते फोफावले. खाण चालवणाऱ्या व्हिएय मोंतान्य कंपनीची घरं होती, दुकानं होती, इस्पितळ होतं, बँकसुद्धा होती. खरा राजा ती कंपनीच. पॅरिसची राखाडी छपरं प्रसिद्ध आहेत; त्यांवर चढलेल्या जस्ताच्या पत्र्यात या कंपनीच्या मालाचा मोठा वाटा होता.

१८८५ मध्ये खाणीतलं खनिज संपलं. ज्या कारणासाठी हा त्रिकोण वेगळा ठेवला होता ते कारणच उरलं नाही, आणि इथून पुढची कहाणी अधिकच गमतीची होते. गावात विल्हेल्म मोली नावाचा एक डॉक्टर होता. या तुकड्याला स्वतःची ओळख हवी, असं त्याच्या मनाने घेतलं. १८८६ मध्ये त्याने स्थानिक टपालसेवा काढून तिकिटं छापली. वरच्यांनी ती लगेच बंद पाडली. शेजारी बेल्जियममध्ये जुगारावर बंदी आली तेव्हा इथे जुगारघर निघालं. १९०३ मध्ये तेही दटावणीने बंद झालं. मग १९०८ साली मोली आणि त्याच्या साथीदारांनी सगळ्यांवर कडी केली. एस्पेरांतो ही सर्वांना सारखीच परकी, म्हणून सर्वांना समान असलेली भाषा तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. ती बोलणाऱ्यांचं जगातलं पहिलं राष्ट्र इथे उभारायचं त्यांनी ठरवलं. नाव ठेवलं 'अमिकेयो', म्हणजे मैत्रीचं ठिकाण. गावच्या सभागृहात सभा भरली, राष्ट्रगीतही ठरलं. त्याला चाल लावली एका लोकप्रिय जर्मन नाताळगीताची.

राष्ट्र काही जन्माला आलं नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियमवर चालून गेल्या तेव्हा हा तटस्थ त्रिकोण त्यांच्या वाटेतच होता. युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने तो बेल्जियमला मिळाला आणि जानेवारी १९२० पासून नकाशावरून गेला. जवळच्या फाल्सच्या टेकडीवर आज बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी या तीन देशांच्या सीमा भेटतात आणि तिथे पर्यटकांची झुंबड असते. एके काळी तिथे चार सीमा भेटत होत्या.

कोस्पायात हद्द चुकली, मोरेस्नेत भांडण मिटेना. तिसरा प्रकार मानपानाचा. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये बिदासोआ नावाची नदी आहे. तिच्या पात्रात, समुद्रापासून थोडं आत, फेझंट पक्ष्यांचं बेट म्हणून एक बेट आहे. तिथे फेझंट नाहीत आणि माणसंही राहत नाहीत. क्षेत्रफळ ६,८०० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ६७ गुंठे. १६३५ पासून एकमेकांशी लढणाऱ्या या दोन देशांना १६५९ मध्ये तह करायचा होता. पण कुणी कुणाच्या घरी जायचं? जो जाईल तो कमी ठरेल. म्हणून नदीतलं हे बेट निवडलं गेलं. दोन्ही काठांवरून पूल टाकले, मध्ये मंडप उभारला. फ्रान्सकडून कार्डिनल माझारँ आणि स्पेनकडून डॉन लुइस दे आरो अशा दोघांच्या तिथे तब्बल २४ बैठका झाल्या आणि ७ नोव्हेंबरला तहावर सह्या झाल्या.

तहात लग्नाचं कलमही होतं. फ्रान्सचा तरुण राजा चौदावा लुई आणि स्पेनच्या चौथ्या फिलिपची मुलगी मारिया तेरेसा यांचं लग्न ठरलं होतं. जून १६६० मध्ये दोन्ही राजे या बेटावर भेटले. स्पेनच्या बाजूची सजावट करण्याची जबाबदारी दरबारी अधिकारी या नात्याने होती ती दिएगो वेलाझ्केझकडे. होय, तोच जगप्रसिद्ध चित्रकार. त्या दगदगीनंतर तो माद्रिदला परतला आणि त्याच ऑगस्टमध्ये वारला. भेटीचं दालन दोन्ही देशांत विभागलेलं होतं. या बाजूला फ्रान्सचा गालिचा, त्या बाजूला स्पेनचा, आणि जिथे दोहोंच्या कडा मिळत तिथे सीमा. लुईची आई ॲन ही फिलिपची सख्खी बहीण. १६१५ मध्ये याच नदीवर दोन राजघराण्यांनी आपापल्या मुली एकमेकांना दिल्या तेव्हा ती १४ वर्षांची होती आणि त्यानंतर तिने माहेर पाहिलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांनी भाऊ-बहीण समोरासमोर आले, ते आपापल्या गालिच्यावरून.

हे बेट पुढे दोघांनी सामाईक ठेवलं. एकोणिसाव्या शतकातल्या बायोनच्या करारानंतर १९०१ च्या कराराने पाळ्याही ठरल्या. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै स्पेन, १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी फ्रान्स. आजही वर्षातून दोनदा या ६७ गुंठ्यांचा देश बदलतो. देखरेख स्पेनमधल्या सान सेबास्तियनचे आणि फ्रान्समधल्या बायोनचे नौदल अधिकारी आळीपाळीने करतात. १६५९ च्या त्याच तहाने आणखी एक गंमत करून ठेवली. पिरेनीज डोंगरातली ३३ खेडी फ्रान्सला द्यायची ठरलं होतं. स्पेनने म्हटलं, खेडी घ्या, पण यीविया हे तर शहर. त्याला आमच्या बादशहाने तसा दर्जा दिलेला आहे. युक्तिवाद टिकला. यीविया आजही चारी बाजूंनी फ्रान्सने वेढलेलं स्पेनचं शहर आहे.

वाटणीचा खरा कळस पाहायचा तर मात्र बार्लेला जायला हवं. गाव एकच, पण नेदरलँड्सच्या भागाला म्हणायचं बार्ले-नासाऊ आणि बेल्जियमच्या भागाला बार्ले-हेर्टोग. गावाच्या मधून एखादी रेषा जाते असं वाटत असेल तर तसं नाही. नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे विखुरले आहेत आणि त्यांतल्या मोठ्या दोन तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७ तुकडे आहेत. नेदरलँड्सचा आठवा तुकडा थेट बेल्जियमच्या मुख्य भूमीत आहे.

याचं मूळ ११९८ सालात सापडतं. ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री याने ब्रेडाच्या जहागीरदाराला इथली जमीन दिली, पण ज्या शेतांवर आपली कुळं आधीपासून होती ती स्वतःकडे ठेवली. कसलेली जमीन ड्यूकची, पडीक जहागीरदाराची, असा ढोबळ मामला. तेव्हा दोन्ही एकाच मुलखात असल्याने काही बिघडलं नाही. १६४८ मध्ये डच प्रजासत्ताक स्पेनपासून कायमचं वेगळं झालं आणि शेतांचे बांध हीच देशांची सीमा बनली. बेल्जियम वेगळं झाल्यावर १८४३ मध्ये सीमा ठरवणाऱ्यांनी दोन्ही देशांमध्ये क्रमाने खांब रोवले. २१४ व्या खांबापाशी ते बार्लेला येऊन थडकले आणि त्यांनी हात टेकले. २१४ आणि २१५ या खांबांच्या मध्ये रेषाच आखली नाही; त्याऐवजी ५,७३२ जमिनींची यादी केली आणि प्रत्येकीपुढे देश लिहिला. यादी म्हटली की नकलेत घोळ आलाच. ९१ आणि ९२ क्रमांकाच्या दोन जमिनी एका कागदात नेदरलँड्सच्या होत्या, तहाला जोडलेल्या प्रतीत बेल्जियमच्या. हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९५९ मध्ये दहा विरुद्ध चार मतांनी बेल्जियमच्या बाजूने निकाल लागला. संपूर्ण सीमा पक्की झाली ती १९९५ साली.

मग तिथे राहणारी माणसं काय करतात? ज्या घरातून सीमा जाते त्याचा देश दर्शनी दारावरून ठरतो. दार बेल्जियममध्ये उघडत असेल तर घर बेल्जियमचं. वीज, पाणी, घरपट्टी सगळं तिकडचं. बांधकामाचे नियम दुसऱ्या देशात सोयीचे असले तर दार सरकवायचं, की घर देश बदलतं. गावातल्या एका घराच्या दाराच्या बरोब्बर मधून रेषा जाते. त्यावर दोन्ही देशांचे दोन क्रमांक लावलेले आहेत. फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांची ओळ आहे. ती उपाहारगृहाच्या मांडलेल्या खुर्च्यांखालून जाते आणि पलीकडच्या दुकानात शिरते. नगरपालिका दोन, महापौर दोन.

या फुल्यांनी नेहमीच गंमत केली असंही नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम व्यापलं, पण बार्लेतले बेल्जियन तुकडे तटस्थ नेदरलँड्सच्या पोटात होते. तिथे पोचायचं तर नेदरलँड्सची सीमा ओलांडावी लागणार, म्हणून जर्मन सैन्याला हात चोळत बसावं लागलं. बेल्जियनांनी तिथे १९१५ मध्ये चक्क बिनतारी संदेशकेंद्र उभारलं. त्याच वर्षी जर्मनांनी बेल्जियम-नेदरलँड्स सीमेवर २,००० व्होल्टची विजेची तार ताणली. तिच्यात सापडून कित्येकांचे जीव गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात लोण्याची तस्करी चालायची, कारण नेदरलँड्समध्ये लोणी स्वस्त होतं. तस्कर पोलादी पत्रे ठोकलेल्या मोटारी पळवत आणि मागे लागलेल्या जकातवाल्यांची चाकं फोडायला रस्त्यावर लोखंडी काटे टाकत. अगदी अलीकडे, २०२० च्या टाळेबंदीत, बेल्जियमने दुकानं बंद केली आणि नेदरलँड्सने चालू ठेवली. सीमेवरच्या एका कपड्याच्या दुकानाने मधोमध पट्टी लावली आणि अर्ध्या दुकानात विक्री चालू ठेवली.

तुकड्यांच्या संख्येचा विक्रम मात्र बार्लेचा नव्हता. तो भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर कूचबिहारच्या बाजूला होता. तिथे बांगलादेशात भारताचे १११ आणि भारतात बांगलादेशाचे ५१ तुकडे होते. त्यांतल्या माणसांना ना वीज, ना दवाखाना, ना कागदपत्रं. बाजारात जायचं तर परका देश तुडवावा लागे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी ते तुकडे बदलून घेतले. बार्लेत पर्यटक फुल्यांवर पाय ठेवून फोटो काढतात, तसं तिथे कुणी कधी काढलं नाही. वाटणीचा घोळ दोन्हीकडे सारखाच होता. बार्लेत रेषा ओलांडायला कुणी अडवत नाही, त्या तुकड्यांत अडवत होते.

या सगळ्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या, तर एक गोष्ट लख्ख दिसते. सीमेतली चूक कुणी ती चूक आहे म्हणून दुरुस्त करत नाही. कोस्पायाची तंबाखू शेजाऱ्यांचा महसूल बुडवायला लागली, तेव्हा कोस्पाया संपलं. मोरेस्ने सैन्याच्या वाटेत आलं, तेव्हा मोरेस्ने संपलं. फेझंटांच्या बेटावर कुणी राहत नाही, पिकत काही नाही, बुडत काही नाही. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही दोन देश ते मानाने एकमेकांकडे सोपवतात. बार्लेचा गुंता सोडवायचा खर्च तो सांभाळण्यापेक्षा जास्त आहे, हे दोन्ही सरकारांना फार पूर्वी उमगलं असावं. एरवी ज्यांना इंचभर जमीन सोडवत नाही, त्यांचा भूगोलही शेवटी जमाखर्चावरच चालतो.